कमरेच्या दुखण्याचा फॉर्म मराठीत आहे, पण प्रश्न तुमच्या घरातले आहेत का?

मणक्याच्या डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा गेलात की हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी हातात एक फॉर्म देतात. किती वेळ बसता येते, किती चालता येते, वजन उचलता येते का, झोप लागते का, अशी काही विधाने त्यात असतात. बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही, किंवा तुमच्या वतीने तुमचा मुलगा, पाच मिनिटांत खुणा करून तो परत देतो. आत गेल्यावर डॉक्टर सांगतात, "तुमचा स्कोअर 46 टक्के आला आहे." तीन महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म. या वेळी डॉक्टर म्हणतात, "आता 36 आहे, चांगला फरक पडलाय."

तुम्हाला मात्र प्रश्न पडतो. 46 कशाचे? फरक पडला म्हणतात, पण सकाळी अंथरुणातून उठताना होणारा त्रास तर तसाच आहे. किंवा उलटही होते. तुम्हाला खूप बरे वाटते आणि आकडा जागचा हलत नाही.

यात चूक नेहमी तुमची नसते आणि डॉक्टरांचीही नसते. कधी कधी ती प्रश्नातच असते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या प्रकारच्या घरांत राहणाऱ्या लोकांसाठी तयार केलेला प्रश्न आपल्याकडे नुसते शब्द बदलून आला असेल, तर त्याचे उत्तर चुकीचे येऊ शकते. हे समजून घेतले तर तुमच्या उपचारांत त्याचा थेट उपयोग होतो.

हा विषय आत्ताच का?

कंबरदुखी हे जगभरात लोकांना सर्वाधिक वर्षे अडचणीत जगायला लावणारे कारण आहे. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार 2020 मध्ये सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84.3 कोटींवर जाईल. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर शस्त्रक्रियेविना करायच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रुग्णाला नीट माहिती देणे, व्यायाम, मानसिक आधाराचे काही उपचार यांची शिफारस त्यात आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असेही त्यात म्हटले आहे. आपल्याकडे कंबर दुखली की पहिली खरेदी पट्ट्याची होते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अशा शिफारशी ठरतात कशा? कंबरदुखीचे मोजमाप रक्ताच्या तपासणीत येत नाही. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते, पण तशी चकती अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. त्यामुळे उपचाराने फायदा झाला की नाही हे शेवटी रुग्णालाच विचारावे लागते. ते विचारण्याची ठरलेली पद्धत म्हणजे या प्रश्नावल्या. एखाद्या उपचाराने रुग्णाचे हालणे-फिरणे सुधारले असे जेव्हा आपण वाचतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा अशाच एखाद्या फॉर्मवरचे आकडे असतात. प्रश्न चुकला, तर त्यावर उभे असलेले पुढचे सगळे डळमळते.

दोन जुन्या प्रश्नावल्या

जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन प्रश्नावल्या इंग्लंडमधल्या आहेत. पहिली ओस्वेस्ट्री. वेल्सच्या सीमेजवळच्या ओस्वेस्ट्री या गावातल्या अस्थिरोग रुग्णालयात काम करणारे जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी ती 1980 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात दहा विभाग आहेत: दुखण्याची तीव्रता, स्वतःची कामे, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास. प्रत्येक विभागात सहा पर्याय असून त्यांना 0 ते 5 गुण मिळतात. एकूण 50 गुणांपैकी तुमचे किती, त्याची टक्केवारी काढतात. आकडा जितका मोठा, तितकी अडचण जास्त. 20 पर्यंत कमी अडचण, 21 ते 40 मध्यम, 41 ते 60 गंभीर, असे ढोबळ टप्पे आहेत.

दुसरी रोलंड-मॉरिस, 1983 मधली. आजाराचा जगण्यावरचा परिणाम मोजणाऱ्या 136 विधानांच्या एका मोठ्या यादीतून कमरेला लागू पडणारी 24 विधाने निवडून ती तयार केली. प्रत्येक विधान आज तुम्हाला लागू आहे का, एवढेच सांगायचे. जितक्या खुणा तितके गुण.

दोन्ही प्रश्नावल्या उत्तम आहेत आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकल्या आहेत. पण त्यांतली घरे इंग्लंडमधली आहेत. तिथला माणूस आरामखुर्चीतून उठतो, पायमोजे चढवतो, मैलात चालतो. आपल्या घरात माणूस मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून भांडी घासतो, खाली सतरंजीवर झोपतो आणि अजूनही अनेक घरांत भारतीय पद्धतीच्या संडासावर बसतो. कंबर दुखू लागली की सगळ्यात आधी हीच कामे अडतात आणि फॉर्ममध्ये नेमकी हीच नसतात.

शब्द कुठे अडतात

सुरुवात दुखऱ्या जागेपासूनच करू. इंग्रजीतल्या 'बॅक' या एका शब्दात मानेखालपासून माकडहाडापर्यंतचा सगळा भाग येतो. मराठीत पाठ वेगळी आणि कंबर वेगळी. रोलंड-मॉरिसमधल्या विधानांत "माझ्या बॅकमुळे" हे शब्द वारंवार येतात. त्याचे भाषांतर कोणी "पाठीमुळे" असे केले, तर कमरेने बेजार झालेली बाई सरळ सांगते, "डॉक्टर, माझी पाठ नाही हो दुखत, कंबर दुखते." आणि सगळे विधान कोरे सोडते. गुण येतात शून्य.

दुसरा घोळ 'तीव्र' या शब्दाचा. नुकत्याच सुरू झालेल्या दुखण्याला वैद्यकीय मराठीत 'तीव्र' म्हणतात आणि खूप जोराच्या दुखण्यालाही 'तीव्र'च म्हणतात. काल भरलेली थोडीशी उसण आणि दहा वर्षांचे न सोसवणारे दुखणे या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला, तर रुग्णाने करायचे काय? 'बऱ्यापैकी तीव्र' हा पर्याय तर आणखी अवघड. घाईत वाचणाऱ्याच्या, विशेषतः वयस्कर माणसाच्या, कानात त्यातले 'बरे' आधी शिरते. 'थोडे', 'बरेच', 'सोसवत नाही' हे रोजचे शब्द लोकांना लगेच कळतात.

तिसरी अडचण होकार-नकाराची. "दुखण्यामुळे मी घरातली नेहमीची कामे करत नाही" असे विधान असते. ते पटले तर खूण करायची. पण नर्स किंवा मुलगी ते प्रश्न करून विचारते, "काम करत नाही ना?" मराठीत याला "हो" असे उत्तर आले तर त्याचा अर्थ "हो, करत नाही" असाही होतो आणि "हो, करते की!" असाही. खूण कुठे पडेल ते विचारणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून.

चौथी अडचण मापाची. मैल आपल्या बोलण्यातून केव्हाच गेला. एक मैल म्हणजे साधारण 1.6 किलोमीटर. पण किलोमीटरही रोज पायी चालणाऱ्यांच्या डोक्यात नसतो. "एसटी स्टँडपासून घरापर्यंत न थांबता येता का?" असे विचारले की नेमके उत्तर मिळते. म्हणून चांगल्या रूपांतरात नुसते एकक बदलून भागत नाही. ते अंतर माणसाला डोळ्यांसमोर आणता येते का, तेही बघावे लागते.

आणि लैंगिक जीवनाचा विभाग. अनेक रुग्ण तो कोरा सोडतात, विशेषतः शेजारी मुलगा किंवा सासू बसलेली असताना. सुधारित ओस्वेस्ट्रीत हा विभाग "लागू असल्यास" भरायचा आहे. कोरा सोडला तर गुण 50 ऐवजी 45 पैकी धरायचे असतात. 45 पैकी 18 म्हणजे 40 टक्के. पण चुकून 50 ने भागले तर 36 टक्के येतात. एवढ्यानेही आकडा फिरतो.

एका प्रश्नाने किती फरक पडतो?

समजा, एका मावशींना 'बसणे' या विभागात खुर्चीबद्दल विचारले. घरात प्लॅस्टिकची खुर्ची आहे, पाहुणे आले की मावशी तिच्यावर बसतात आणि त्यांना काही होत नाही. त्या "कोणत्याही खुर्चीत हवा तितका वेळ" या अर्थाच्या पर्यायावर खूण करतात. शून्य गुण. पण त्यांचे खरे बसणे म्हणजे चुलीपुढे किंवा गॅससमोर खाली बसून वीस भाकऱ्या थापणे. तिथे दहा मिनिटांत कंबर धरते. त्यांच्या बसण्याबद्दल विचारले असते, तर दहा मिनिटांच्या पर्यायाचे 4 गुण आले असते. 50 पैकी 4 म्हणजे 8 टक्के.

आता हे लक्षात घ्या. ओस्वेस्ट्रीत साधारण 10 अंकांची घट झाली, तर रुग्णाला जाणवेल इतका फरक पडला असे तज्ज्ञ मानतात. रोलंड-मॉरिसमध्ये हीच रेषा साधारण 5 गुणांची आहे. म्हणजे ओस्वेस्ट्रीतला एकच विभाग टोकाचा चुकीचा समजला गेला, तरी आकडा 10 अंकांनी हलू शकतो. ज्याला आपण "सुधारणा" म्हणतो, तेवढाच फरक एका न कळलेल्या प्रश्नाने तयार होतो किंवा पुसला जातो. पहिल्या वेळी फॉर्म मुलाने भरला आणि दुसऱ्या वेळी सुनेने, तरी तेच.

नीट रूपांतर कसे होते?

यासाठी जगभर एक ठरलेली पद्धत वापरतात. बीटन, बॉम्बार्डियर, गिलेमिन आणि फेराझ यांनी ती 2000 मध्ये 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आधी दोन जण स्वतंत्रपणे भाषांतर करतात. एकाला विषयाची माहिती असते आणि दुसऱ्याला मुद्दाम नसते, म्हणजे सामान्य माणूस ते कसे वाचेल हे कळते. मग दोन्ही एकत्र करून एक मसुदा बनतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेले आणखी दोघे तो पुन्हा मूळ भाषेत नेतात. 'कंबर' पुन्हा इंग्रजीत जाताना वेगळेच काही होऊन आली, तर चूक तिथेच सापडते. त्यानंतर डॉक्टर, भाषेचे जाणकार आणि भाषांतरकार एकत्र बसून प्रत्येक ओळ तपासतात. तिचा अर्थ तोच आहे का? बोलण्याची रीत आपली आहे का? तो अनुभव इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात येतो का?

शेवटी 30 ते 40 खऱ्या रुग्णांकडून फॉर्म भरून घेतात आणि प्रत्येकाला विचारतात, "या ओळीचा तुम्ही काय अर्थ घेतला?" माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची पायरी आहे आणि घाईत हीच गाळली जाते. त्यापुढे वजनकाटा तपासावा तशी प्रश्नावली तपासतात. दुखणे बदललेले नसताना काही दिवसांनी पुन्हा भरली तर आकडा तोच येतो का? ज्यांना जास्त त्रास आहे त्यांचा आकडा खरोखर जास्त येतो का?

मराठीत हे काम झालेले आहे. ओस्वेस्ट्रीच्या 2.1ए या आवृत्तीचे इंग्रजी आणि मराठी रूप भारतीय रुग्णांवर तपासून त्याचा अभ्यास 2013 मध्ये 'स्पाइन'मध्येच प्रसिद्ध झाला. सांध्यांच्या बाबतीतही असे काम झाले आहे. गुडघेदुखीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'वोमॅक' या प्रश्नावलीची भारतीय राहणीला जुळवून घेतलेली आवृत्ती पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने तयार केली. तेव्हा मराठीत हे जमत नाही, असे कोणी म्हणू नये.

मग अडते कुठे?

एक तर तपासलेली आवृत्ती असतानाही घरगुती भाषांतराच्या झेरॉक्स फिरत राहतात. कोणीतरी कधीतरी केलेले भाषांतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाते. त्यात एखादी ओळ गळते, एखादा पर्याय बदलतो आणि वर नाव मात्र ओस्वेस्ट्रीचेच राहते.

दुसरे म्हणजे मोबाइल. फॉर्म आता अॅपवर येऊ लागले आहेत आणि इंग्रजी मजकुराचे मराठी करायला यंत्राला काही सेकंद पुरतात. यंत्राचे भाषांतर पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहे, हे खरे. पण ते फार तर पहिला मसुदा देते. तुम्ही त्या ओळीचा काय अर्थ घेतला, हे ते तुम्हाला विचारत नाही. ती पायरी माणसांनीच करायची आहे.

तिसरे, मराठी सगळीकडे एकसारखी नाही. 2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 8.3 कोटी लोकांची मातृभाषा मराठी आहे. खानदेश, विदर्भ, कोकण, मराठवाडा इथल्या बोलण्यात दुखण्याचे शब्दही बदलतात. एका शहरात तपासलेला फॉर्म दुसऱ्या टोकाच्या गावात वाचून दाखवताना अडू शकतो.

मग प्रत्येक दवाखान्याने आपल्या सोयीने प्रश्न बदलावेत का? नाही. प्रत्येकाने आपापली फूटपट्टी केली, तर कोणाचेही माप कोणाशी जुळणार नाही. तुमचा आकडा इतर रुग्णांशी किंवा तुमच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघता येणार नाही. म्हणून बदल करायचा तो पद्धतीने करायचा, तपासायचा आणि मग सगळ्यांनी तोच वापरायचा. तोपर्यंत फॉर्ममध्ये न बसणारी गोष्ट डॉक्टरांना तोंडी सांगणे, हा रुग्णाच्या हातातला सोपा उपाय आहे.

हा आकडा म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी नव्हे

काही मराठी फॉर्मवर "अपंगत्व निर्देशांक" असे लिहिलेले असते आणि खाली 46 टक्के. मग रुग्ण विचारतात, "40 च्या वर आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळेल ना?" काही जण उलट घाबरून जातात, "मी अपंग झालो का?"

दोन्ही समज चुकीचे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार मिळणाऱ्या बहुतेक लाभांसाठी 40 टक्क्यांची अट आहे हे खरे. पण ती टक्केवारी अधिकृत वैद्यकीय प्राधिकरण शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तुमची प्रत्यक्ष तपासणी करून ठरवते. ओस्वेस्ट्रीचा आकडा एवढेच सांगतो की कमरेमुळे सध्या तुमच्या रोजच्या कामांत किती अडचण येते. तो आज 46 असेल आणि नियमित व्यायामानंतर काही महिन्यांत 20 वर येऊ शकतो. नावात शब्द सारखा असला तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "अपंगत्व" ऐवजी "रोजच्या कामातील अडचण" असे लिहिले, तर निम्मी भीती तिथेच कमी होईल.

तुम्ही काय करू शकता?

फॉर्म शक्यतो स्वतः भरा. वाचता येत नसेल तर कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, पण उत्तर तुमचेच द्या. सोबत आलेल्यांनीही एवढे पाळावे: आईला किती दुखते ते आईला सांगू द्या.

एखादी ओळ कळली नाही तर अंदाजाने खूण करू नका. नर्सला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. असे विचारल्याने तुम्ही अडाणी ठरत नाही. त्या ओळीत दोष असेल, तर तो त्यांनाही कळायला हवा.

विचारलेला काळ बघा. "आज" असेल तर आजचेच सांगा, मागच्या महिन्यातल्या वाईट दिवसाचे नको.

फॉर्मच्या मागे तीन कामे लिहा, जी तुम्हाला रोज करावी लागतात आणि कमरेमुळे अडतात. खाली बसून भाकरी करणे, पाण्याचा हंडा उचलणे, लोकलमध्ये तासभर उभे राहणे, दुचाकीवर खड्ड्यांच्या रस्त्याने जाणे, शेतात वाकून खुरपणे, काहीही. पुढच्या भेटीत आकड्याबरोबर ही तीन कामेही तपासायला सांगा.

खासगी प्रश्नांसाठी एकांत मागा, किंवा तो विभाग कोरा सोडून डॉक्टरांना तसे सांगा.

दर वेळी तोच फॉर्म आणि तीच भाषा असू द्या. पहिल्यांदा इंग्रजी आणि नंतर मराठी असे झाले, तर दोन आकड्यांची तुलना करताना सावध राहा. मागच्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुखणे वाढवून सांगू नका आणि "चालायचेच" म्हणून झाकूही नका. आपल्याकडे बायका बहुतेक वेळा दुसरी चूक करतात. शस्त्रक्रिया करायची की नाही हा निर्णय एकट्या आकड्यावर होत नाही, पण तो आकडा त्या चर्चेत असतो.

आणि एक गोष्ट कोणत्याही फॉर्मवर सोपवू नका. लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. कमरेच्या दुखण्यासोबत ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडून मार लागल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. तिथे स्कोअर किती आला याला महत्त्व नाही.

बाकी बहुतेक कंबरदुखी हालचाल, व्यायाम आणि थोड्या धीराने आटोक्यात येते. ती किती आटोक्यात आली हे आपल्याला तुमच्याकडूनच कळते. म्हणून पुढच्या वेळी फॉर्म हातात आला की पाच मिनिटे जास्त घ्या, आणि एखादा प्रश्न तुमच्या घराला लागू होत नसेल तर तसे स्पष्ट सांगा.